वडशाचं नाटक, ॲमस्टरडॅमची तबकडी

ॲमस्टरडॅम : गावाकडून फोन आला की प्रश्न ठरलेला, "तिकडचे लोक कला जपतात म्हणे?" जपतात हो. पण पन्नास वर्षांनी.

'आउटसायडर्स' या बँडचंच घ्या. ॲमस्टरडॅमची लांब केसांची पोरं, गायक वॉली टॅक्स. शहराची भाषा डच, गाणी मात्र इंग्रजीत. (युरोपच्या भाषाभिमानावर आपल्याकडे व्याख्यानं झोडणाऱ्यांनी टिपून ठेवावं.) १९६६ मध्ये डेन बॉशला रोलिंग स्टोन्सच्या आधी मंचावर चढलेली ही मंडळी. त्या काळी इथली तरुण पोरं उत्तर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरचा 'रेडिओ व्हेरोनिका' लावून बसत. आपले बापजादे सिलोन लावायचे तसे.

१९६८ साली आउटसायडर्सचा शेवटचा अल्बम आला, 'सीक्यू'. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला, मध्येच कुजबुज, मध्येच किंकाळी. कुणी विकत घेतला नाही. पुढच्या वर्षी बँड मोडला. आज मूळ तबकडीला लोक शेकडो युरो मोजतात. रॉटरडॅमला तर १९६१ मध्ये संगीताचं सार्वजनिक ग्रंथालयच निघालं. तिथलं संगीत आपापल्या गावच्या वाचनालयातून मागवता यायचं. पडेल मालाचीही एवढी बडदास्त!

आणि आपल्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत? गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक मंडळ्यांची ऑफिसं ओळीनं उभी. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या गावी रात्री पडदा वर जातो तो उजाडेस्तोवर. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं समोर वाजतं. पण गेल्या सीझनचं नाटक आज मागून पाहा. संहितेची वही कुणाच्या तरी ट्रंकेत, चाली ऑर्गनवाल्याच्या बोटांत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्याच्या मित्रानं मला विचारलं, "झाडीपट्टी नेमकी कुठे आली रे?" मी फोन ठेवला.

इथल्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात हा राग काढला. दुकानदार साठीचा, 'सीक्यू' दोन्ही तळव्यांत कडांना धरून दाखवत होता. बोट म्हणून लागू देईना. मी मोबाइलवर आमच्याकडचं नाटक लावलं. पहाटेचे तीन, नायिका रडतेय, ऑक्टोपॅडवाला ढगफुटी करतोय, समोर घोंगड्या पांघरलेलं अख्खं गाव. त्यानं विचारलं, "तिकीट काढून?" म्हटलं, तिकीट काढून. "आणि उठून जात नाहीत?" म्हटलं, कुठं जाणार, जावई-पाहुणे सगळे तिथंच.

तो बराच वेळ तबकडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, वॉलीला असे प्रेक्षक मिळाले असते तर... आणि लगेच तारखा विचारू लागला. म्हटलं, भाऊबीजेनंतर ये. नागपूरला उतर, वडसा गाठ आणि कांबळ तुझं तूच आण.