पंधरा जणींचे पत्र

इ. स. १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कानो जिगोरो नावाच्या एका तरुण शिक्षकांनी एक आखाडा सुरू केला. जुन्या युद्धविद्येतील घातक डाव त्यांनी वगळले, उरलेल्या डावांना शिस्त लावली आणि आपल्या विद्येस ‘ज्यूदो’ असे नाव दिले. ज्यूदो म्हणजे मृदू मार्ग. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न भिडता त्याचाच जोर वळवून त्याचा तोल घालवावयाचा, हे या खेळाचे मर्म. कानो हे पुढे शिक्षक घडविणाऱ्या एका मोठ्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. आपली उन्नती आणि दुसऱ्याचे कल्याण ही बरोबरच साधली पाहिजेत, अशी त्यांची शिकवण होती. आजही ज्यूदोचे खेळाडू लढतीपूर्वी आणि लढतीनंतर एकमेकांना वाकून वंदन करतात.

या मृदू मार्गावर एकशेतीस वर्षांनी काय घडत होते, ते जगाला फार उशिरा कळले. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी जपानच्या महिला ज्यूदो संघाची तयारी चालू होती. त्या सरावात संघाचे मुख्य मार्गदर्शक खेळाडूंना थपडा मारीत, लाथा घालीत, तलवारबाजीच्या सरावासाठी वापरतात त्या बांबूच्या तलवारीने बडवीत आणि जिव्हारी लागतील असे शब्द बोलत. दुखापत झालेल्या खेळाडूंनाही सामन्यात उतरण्याची सक्ती होई. मार दिल्याने माणूस कणखर होतो, अशी यामागची समजूत. ही समजूत काही एकट्या जपानची नव्हे. ‘आम्हीसुद्धा वस्तादांचा मार खाऊनच शिकलो’ असे अभिमानाने सांगणारी माणसे पुष्कळ तालमींत आणि मैदानांवर भेटतात. मार खाऊन जे खेळच सोडून गेले, ते मात्र सांगावयास तेथे उरलेले नसतात.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात हे गाऱ्हाणे अखिल जपान ज्यूदो महासंघाच्या कानी गेले. महासंघाने मार्गदर्शकास समज दिली आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यासच पुढील ऑलिंपिकच्या तयारीसाठी पुन्हा नेमले. खेळाडूंना मिळालेले उत्तर ते हेच. तेव्हा डिसेंबरात पंधरा जणींनी मिळून एक पत्र लिहिले आणि ते महासंघाकडे न धाडता त्याच्याही वरच्या संस्थेकडे, म्हणजे जपानच्या ऑलिंपिक समितीकडे, धाडले. काओरी यामागुची या १९८४ सालच्या जगज्जेत्या महिला. त्या या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जानेवारी २०१३ मध्ये ही वार्ता वर्तमानपत्रांत आली. मार्गदर्शकाने आपली चूक मान्य केली आणि पद सोडले. पंधरा जणींचे निवेदन त्यांच्या वकिलांनी वाचून दाखविले. त्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. एप्रिलमध्ये जपानच्या प्रमुख क्रीडासंस्थांनी एकत्र येऊन खेळातून हिंसा हद्दपार करण्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये महासंघाच्या अध्यक्षांनाही जावे लागले. अर्थात त्याला अनुदानाच्या गैरवापराचे प्रकरणही कारण झाले होते.

मार थांबला तर खेळाडू ढिले पडतील, अशी धास्ती ज्यांना वाटत असेल त्यांनी दोन आकडे पाहावेत. लंडनमध्ये या महिला संघास एक सुवर्णपदक मिळाले होते. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी ज्यूदोत चार सुवर्णपदके मिळविली. एवढ्यावरून सारे सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही, कारण टोकियोतील सामने मायभूमीवर होते आणि खेळाडूही नव्या होत्या. पण बांबूची तलवार बाजूला ठेवल्याने काही अडले नाही, एवढे तरी खास.

पत्र लिहावयास पंधरा जणी का लागल्या? एकटीने तक्रार केली असती, तर संघातून तिचे नाव सहज गळले असते. ज्याने मारावयाचे, त्यानेच संघ निवडावयाचा, अशी तेथील व्यवस्था होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. गावोगावच्या हौशी खेळांत तर ही अडचण आणखीच वाढते. तेथे मार्गदर्शक बहुधा पदरमोड करून मुलांना शिकवीत असतो. पहाटे उठून मैदान आखतो, सामन्यांना घेऊन जातो. साऱ्या गावाला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटते आणि ती योग्यच असते. परंतु या कृतज्ञतेमुळेच त्याच्याविषयी शंका काढणे कोणास सुचत नाही, आणि सुचले तरी जीभ रेटत नाही. शंभरांतील नव्याण्णव मार्गदर्शक भले असले, तरी उरलेल्या एकाला या भलेपणाचा आडोसा मिळतो.

दुर्वर्तन कशास म्हणावे, हे मात्र नीट ओळखले पाहिजे. खो-खोच्या सरावात मार्गदर्शकाने आणखी दहा फेऱ्या धावावयास लावले, पाय भरून आले, हुतुतूत दम कोंडेपर्यंत घोकवून घेतले, चुकल्यावर ‘पुन्हा कर’ म्हणून खडसावले, तर ते दुर्वर्तन नव्हे. कष्टावाचून खेळ येत नाही. पण तापाने फणफणलेल्या मुलास पळविणे, तहानलेल्याला पाणी न देणे, वजन घटविण्यासाठी उपाशी ठेवणे, मुरगळलेल्या पायाने खेळविणे, रंगावरून, जातीवरून किंवा लठ्ठपणावरून सर्वांसमक्ष हिणविणे, थोरल्या खेळाडूंनी धाकट्यांना छळणे, ही सारी दुर्वर्तनेच होत. कधी कधी तर मैदानाच्या कडेला उभे असलेले पालकच हरलेल्या मुलाला असे काही बोलतात की, त्याला घरी जाणे नकोसे होते. मार्गदर्शकाने डाव शिकविताना खांद्याला किंवा मनगटाला धरून योग्य पवित्रा दाखविला, तर त्यात वावगे काही नाही. तो सर्वांसमक्ष दाखवितो आणि का धरले ते सांगतो. पण शरीराच्या खाजगी भागांना हात लावणे, आपल्या शरीरास हात लावावयास सांगणे, तशी चित्रे दाखविणे, आणि ‘हे कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालणे, हा लैंगिक अत्याचार आहे व तो गुन्हा आहे. तो मुलांवर होतो, तसाच मुलींवरही होतो. त्यात दोष असतो तो करणाऱ्याचा. ज्याच्यावर तो होतो त्याचा नव्हे.

कॅनडा देशात बर्फावरील हॉकी गल्लोगल्ली खेळली जाते. तेथे शेल्डन केनेडी नावाचा एक गुणी खेळाडू किशोरवयात घरापासून दूर, एका नामांकित मार्गदर्शकाच्या हाती खेळत होता. त्या मार्गदर्शकास एका हॉकी-पत्राने १९८९ साली वर्षाचा मानकरी म्हणून गौरविले होते. त्याच मार्गदर्शकाने केनेडीवर वर्षानुवर्षे लैंगिक अत्याचार केले. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. केनेडीने मोठा झाल्यावर, १९९६ मध्ये, पोलिसांना सर्व सांगितले. पुढल्या वर्षी न्यायालयात मार्गदर्शकाने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. १९९८ साली केनेडीने पायांत चाकांचे बूट घालून देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेच्या प्रांतापर्यंत प्रवास केला. मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी लोकांनी मोकळेपणाने बोलावे, हा त्या प्रवासाचा हेतू होता.

अशा अनुभवांतून कॅनडाच्या क्रीडासंस्थांनी एक साधा नियम रूढ केला. मुलाजवळ मार्गदर्शकाने एकट्याने असू नये. दोन जबाबदार प्रौढ माणसे हजर असावीत. प्रवासात असो वा कपडे बदलण्याच्या खोलीजवळ असो, जे चालले आहे ते दुसऱ्याला दिसावे आणि ऐकू यावे. मुलाला निरोप पाठवावयाचा तर तो त्याच्या पालकांनाही जावा. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. उलट, सज्जन मार्गदर्शकावर खोटा आळ येऊ नये, यासही हा नियम उपयोगी पडतो. जी मंडळे हा नियम पाळीत नाहीत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना ‘का पाळीत नाही?’ असे पालकांनी विचारण्यास हरकत नसावी. नियम फुकटचा आहे. त्यास इमारत लागत नाही की देणगी लागत नाही.

एवढे करूनही एखादी वाईट गोष्ट घडलीच, तर ती सांगणे हाच उपाय उरतो. आई, वडील, आजी, वर्गशिक्षक, शेजारच्या काकू, ज्याच्यावर विश्वास असेल त्यास सांगावे. काय झाले, कोठे, केव्हा, आणखी कोण होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवल्यास पुढे उपयोग होतो. न लिहिले म्हणून मात्र गप्प राहण्याचे कारण नाही. पहिल्या माणसाने ‘सरांविषयी असे बोलू नये’ म्हणून उडवून लावले, तर दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्याला. त्या पंधरा जणींनी नेमके हेच केले. मित्राने विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट मोठ्या माणसाच्या कानी घातल्याने मैत्रीत दगा होत नाही.

भारतात कोणाही मुलाला १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. दहा-नऊ-आठ, असा तो ध्यानात ठेवावयाचा. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून सुरू झाली आणि तेथून देशभर पसरली. आता ती शासनाच्या व्यवस्थेत चालते. दूरध्वनीला पैसे पडत नाहीत. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे, आणि शाळेचे मैदान हे शाळेतच मोडते.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, अमलात आला. पंधरा जणींनी पत्र धाडले ते यानंतर महिन्याभरातच. दोहोंचा एकमेकांशी संबंध मात्र काही नाही. असा अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दडपणाऱ्या पदाधिकाऱ्यास कैदेची शिक्षा होऊ शकते. मूल गप्प राहिले म्हणून त्यास मात्र शिक्षा नाही. वर्तमानपत्रांना मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र छापता येत नाही. जबाब घेण्यासाठी मुलास पोलीस ठाण्यात बसवून ठेवावयाचे नसते. मुलाच्या घरी किंवा त्यास सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता जावयाचे असते. आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती त्या वेळी शेजारी बसते, आणि मूल ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत ते कागदावर उतरवून घेतात.