हा कोण आणला?

जुलै 2025 च्या शेवटच्या आठवड्यात भारतीय फुटबॉलप्रेमींच्या मोबाइलवर एक बातमी येऊन आदळली. भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी म्हणे झावी हर्नांडेझने अर्ज केला आहे. स्पेनकडून विश्वचषक जिंकलेला, बार्सिलोनाची मधली फळी वर्षानुवर्षं चालवणारा झावी, आणि तेव्हा जागतिक क्रमवारीत 133 व्या क्रमांकावर घसरलेला आपला संघ. तरी लोकांनी विश्वास ठेवला. कुणी त्याचा पगार कोण देणार याचा हिशेब मांडला, तर कुणी पासिंगवर खेळणारा संघही निवडून टाकला. दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. 170 अर्जांच्या ढिगात कुणीतरी खोडी काढून ठेवली होती. 1 ऑगस्टला निवड जाहीर झाली ती खालिद जमील यांची.

या फसगतीवर हसणं सोपं आहे. पण नवा कोच येतो तेव्हा चाहते नेमकं काय करतात, हे तिच्यात स्वच्छ दिसलं. त्या माणसाचं काम फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे पहिल्या दिवशी जी प्रतिक्रिया उमटते ती त्याच्याबद्दल कमी आणि आधीच्या हंगामात आपल्याला काय बोचलं याबद्दल जास्त असते. मुंबई सिटी एफसी या मुंबईच्या क्लबची दहा-बारा वर्षं तपासली तर आणखी एक गंमत सापडते. ज्या नावावर लोक खूश झाले त्याने बहुधा निराश केलं, आणि ज्याच्या नावाला नाकं मुरडली त्याने करंडक आणला.

नवी मुंबईतल्या उलव्यात हा विषय टर्फवर निघतो. खरं तर हा सगळा पट्टा क्रिकेटचा. पनवेल-उरणच्या गावांतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना जी गर्दी लोटते, तिच्यापुढे फुटबॉलची काय कथा! पण सिडकोच्या सेक्टरांमध्ये गेल्या काही वर्षांत राहायला आलेल्या घरांतली पोरं रात्री जाळीच्या आत पाच-पाच जणांचे संघ करून खेळतात. आधीचा क्रिकेटचा स्लॉट संपायची वाट बघत बाहेर उभ्या असलेल्यांच्या अंगावर मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल असे शर्ट असतात, आणि खेळून झाल्यावर मोज्यांतून प्लास्टिकच्या गवतातले काळे रबरी दाणे झटकता झटकता वाद रंगतात. बदल्यांच्या बातम्या देणाऱ्या फॅब्रिझिओ रोमानोचं ‘हिअर वी गो’ मोबाइलवर पडलं की इंग्लंडमधल्या कुठल्याही कोचची नेमणूक इथे पाच मिनिटांत मंजूर किंवा नामंजूर होते.

मुंबई सिटी एफसीचा शर्ट त्या घोळक्यात क्वचित दिसतो, आणि त्यामागे अंतराचाही हिशेब आहे. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबईचे घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होत. म्हणजे क्लब उलव्याच्या उंबऱ्याशी होता, पण तेव्हा उलव्यात रेल्वे नव्हती. खारकोपरपर्यंत लोकल आली ती नोव्हेंबर 2018 मध्ये, आणि तोवर क्लबने अंधेरीला बिऱ्हाड हलवलं होतं. आता उलव्यातल्या बामणडोंगरीहून निघायचं, नेरुळला गाडी बदलायची, कुर्ल्याला पुन्हा बदलून घाटकोपर गाठायचं आणि मेट्रोने आझाद नगरला उतरायचं. रात्रीचा सामना संपला की गोल कुणी मारला यापेक्षा उरणची गाडी मिळेल का, ही चिंता मोठी. तरी जाणारे जातात आणि वेस्ट कोस्ट ब्रिगेड या समर्थकांच्या गटाच्या ढोलांजवळ जागा पकडतात.

या क्लबचा पहिला कोच होता पीटर रीड. इंग्लंडचा माजी खेळाडू, मँचेस्टर सिटी आणि संडरलँड सांभाळलेला. 18 ऑक्टोबर 2014 ला डी. वाय. पाटीलवर मुंबईने शेजारच्या पुणे सिटीला 5-0 असं झोडपलं. आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक केली. मोठ्या नावाचा परतावा लगेच मिळाला असं वाटलं. हंगाम संपला तेव्हा आठ संघांत मुंबई सातवी होती.

पुढच्या वर्षी तर खुद्द निकोलस अनेल्का खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत. आर्सेनल, रियल माद्रिद, चेल्सी अशा क्लबांतून खेळून आलेला हा माणूस आपल्या डगआउटमध्ये बसणार, यापलीकडे चाहत्यांना काय हवं होतं? सुनील छेत्री त्याच संघात होता आणि त्याने हॅट्‌ट्रिकही केली. शेवटी मुंबई सहावी. त्यानंतर आलेले अलेक्झांड्रे गिमारेस हे 2002 आणि 2006 च्या विश्वचषकात कोस्टा रिकाचे प्रशिक्षक होते. त्यांनी 2016 मध्ये संघाला साखळीत पहिल्या स्थानावर नेलं, पण उपांत्य फेरीत कोलकात्याने वाट अडवली आणि पुढच्या हंगामात पुन्हा घसरण झाली. मग जॉर्ज कोस्टा, 2004 मध्ये मोरिन्योच्या हाताखाली युरोपचा करंडक उंचावलेला पोर्तोचा कर्णधार. तेही उपांत्य फेरीपर्यंत पोचले. 9 मार्च 2019 ला अंधेरीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, एफसी गोवाने मुंबईचा 5-1 असा धुव्वा उडवला.

त्या रात्री गोव्याच्या बाकावर सर्जिओ लोबेरा बसला होता. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबईच्या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये हाच लोबेरा मुंबईचा कोच झाला. गोव्याने संघ अव्वल असताना त्याला काढलं होतं. तो एकटा आला नाही. अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचा मंदार राव देसाई असे त्याचे हुकमी पत्ते सोबत आले. मुंबईकरांनी खुशीत हात चोळले, गोवेकरांचा संताप झाला. दोन्ही प्रतिक्रिया रास्त होत्या, कारण या माणसाचा खेळ दोन्हीकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. तशी संधी चाहत्यांना क्वचितच मिळते.

तो हंगाम कोविडमुळे सगळाच्या सगळा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर 6-5 असं हरवलं. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटी गोल करून 2-1 असा निकाल लावला. साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची ढाल आधीच हाती आली होती. क्लबच्या इतिहासातला सर्वांत आनंदाचा क्षण मुंबईकरांनी घरातल्या टीव्हीसमोर साजरा केला, आणि सात महिन्यांनी लोबेराही गेला. ग्रुपने त्याला चीनमधल्या आपल्याच एका क्लबकडे धाडलं. हंगाम तोंडावर आलेला आणि कोचच नाही. मालक परदेशी समूह असला की बदलीची ऑर्डर कुठूनही निघू शकते, हे चाहत्यांना तेव्हा उमगलं.

बदली म्हणून आला डेस बकिंगहॅम. वय 36, ऑक्सफर्डचा, व्यावसायिक खेळाडू म्हणून सांगण्यासारखं काही नाही, न्यूझीलंडचे युवा संघ आणि मेलबर्न सिटीतली सहायकाची नोकरी अशी शिदोरी. ‘हा कोण आणला?’ हा प्रश्न पडला नाही असा चाहता विरळाच. पहिला सामना नेमका गोव्याशी आणि तो 3-0 ने जिंकला, म्हणून तोंडं बंद झाली. पण हंगामअखेर संघ पाचवा आला आणि बाद फेरीही हुकली तेव्हा ती पुन्हा उघडली.

एप्रिल 2022 मध्ये मात्र रियाधला वेगळंच घडलं. 11 तारखेला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असं हरवलं. डिएगो मॉरिसिओची पेनल्टी आणि राहुल भेकेचं हेडर. मुंबईत वाढलेल्या भेकेच्या त्या गोलामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामात बकिंगहॅमचा संघ लीगमध्ये सलग 18 सामने हरला नाही आणि ढाल परत आली. 6 नोव्हेंबर 2023 ला सौदीचा अल हिलाल डी. वाय. पाटीलवर खेळायला आला तेव्हा तिकिटांवर उड्या पडल्या. त्यातल्या बऱ्याच नेमारसाठी होत्या, पण तो तीन आठवडे आधीच गुडघा दुखावून बसला होता. मुंबई 2-0 हरली. तो महिना संपायच्या आत बकिंगहॅमने आपल्या गावचा क्लब, ऑक्सफर्ड युनायटेड, पत्करला. एकेकाळी ज्याचं नाव गूगल करावं लागलं होतं, त्याच्या जाण्याने लोक हळहळले.

डिसेंबरमध्ये पुन्हा मेलबर्नहून, पुन्हा सहायकाच्या खुर्चीतून, चेक प्रजासत्ताकाचा पेट्र क्रॅटकी आला. मूळ प्रश्न पुन्हा तोच. त्याच महिन्याच्या 20 तारखेला अंधेरीत मोहन बागानविरुद्ध पंचांनी सात लाल कार्डं दाखवली. मुंबईची चार, बागानची तीन. मुंबईने सामना 2-1 असा जिंकला खरा, पण जानेवारीत संघाचा कणा असलेला ग्रेग स्टुअर्ट सोडून गेला आणि हंगाम गेल्यात जमा, असं बोललं जाऊ लागलं. 4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून अधिक बागानप्रेमींसमोर मुंबईने मागून येऊन अंतिम सामना 3-1 असा जिंकला. बरं, कथा इथेही थांबत नाही. पुढच्या हंगामात त्याच क्रॅटकीचा संघ सहावा आला आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून 5-0 असा हरला.

मग कोच बदलल्याने नक्की किती फरक पडतो? डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधले 1986 ते 2004 पर्यंतचे हंगाम तपासले. संघ सलग हरू लागला, मॅनेजरला हाकललं आणि निकाल सुधारले, असं वरवर दिसतंच. पण त्यांनी अशा संघांशेजारी तेवढीच पडझड होऊनही जुन्याच माणसाला ठेवणारे संघ मांडले. ते संघही जवळजवळ तेवढेच सावरले होते. चार सामने पोस्टला लागून गेलेले चेंडू पाचव्या सामन्यात आत जातात, जखमी खेळाडू परततात, सोपे प्रतिस्पर्धी वाट्याला येतात. त्या सुमारास नवा माणूस आला असेल तर श्रेय त्याच्या खात्यात जमा होतं. कोच बिनकामाचा असतो असा याचा अर्थ नाही. लोबेराने सोबत आणलेल्या खेळाडूंनी हंगाम फिरवला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण पहिल्या पाच सामन्यांवरून नव्या कोचची पत्रिका मांडू नये, एवढं या आकड्यांवरून नक्की म्हणता येतं.

मँचेस्टर युनायटेडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2013 मध्ये मावळता मॅनेजर फर्ग्युसनने स्वतः डेव्हिड मोयेसला निवडलं म्हणून ओल्ड ट्रॅफर्डवर ‘द चोझन वन’ असा फलक झळकला. मार्च 2014 मध्ये त्याच मैदानावरून ‘राँग वन’ असं लिहिलेलं फडकं ओढत विमान फिरलं, आणि एप्रिलमध्ये मोयेस घरी.

कोल्हापुरात हे सगळं वेगळं वाटेल. तिथली निष्ठा पेठेशी आणि तालमीशी. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि संघाचा कोच बहुधा ओळखीतलाच असल्याने त्याला बोल लावायचे ते तोंडावर.

मुंबईत तसा ओळखीचा माणूस एक होता, खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला. 2009 ते 2016 त्याने मुंबई एफसी हा आय-लीगमधला तुटपुंज्या पैशांचा क्लब सांभाळला. कुपरेजवर पिवळ्या शर्टातले मोजके समर्थक यायचे. सगळा संघ बचावाला लावून गोलसमोर बस उभी करतो, ही त्याच्याबद्दलची तक्रार तेव्हापासूनची. तो गेला आणि पुढच्याच हंगामात मिझोरमच्या आयझॉल एफसीला त्याने आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, तर मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली. आज तो क्लबच अस्तित्वात नाही.

त्यामुळे 2025 मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं त्याच्याकडे आली तेव्हा मुंबईतल्या जुन्या लोकांना जरा जास्तच समाधान वाटलं. 2012 नंतर प्रथमच भारतीय माणूस या पदावर बसला होता. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानवर 2-1 असा विजय, सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. झावीची कुणाला आठवणही उरली नाही. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यात सिंगापूरकडून 2-1 असा पराभव झाला आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 असं नमवलं, 22 वर्षांत पहिल्यांदा. बस उभी करण्याची तक्रार कपाटातून परत बाहेर आली. चार महिन्यांत स्तुती आणि निंदा यांची अख्खी फेरी पूर्ण.

मुंबई सिटीपुढे आता वेगळाच पेच आहे. लीगच्या हक्कांचा करार संपत आला, 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, आणि डिसेंबर 2025 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला. क्लब पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे आला. बकिंगहॅम आणि क्रॅटकी ज्या वाटेने आले ती मेलबर्नची वाट आता बंद. पुढच्या वेळी कोच निवडायचा तर मालकांसमोर असतील एजंटांचे फोन आणि याच लीगमध्ये आधी काम केलेल्यांची छोटीशी यादी. तीत भारतीय नावं वाढली, तर उलव्याच्या टर्फवरच्या पोरांना गूगल न उघडताही आपलं मत देता येईल.