हिरोशिमातला डबा

हिरोशिमा स्टेशनाबाहेरच्या ट्राममध्ये गणवेशातली शाळकरी पोरं होती, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या आज्या होत्या आणि त्यांच्या मधोमध आम्ही चौघी मैत्रिणी. कॉलेजात ठरवलेली जपानची सहल पन्नाशी उलटल्यावर जमली. ओसाकाहून शिंकानसेनने दीड तासात इथे पोचलो होतो.

‘गेन्बाकू डोम’च्या थांब्यावर उतरलं की समोरच ती इमारत. घुमटाचा उरलाय तो लोखंडी सांगाडा, खाली उघड्या पडलेल्या विटा. यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेल्या या १९१५ सालच्या इमारतीत उद्योगांची प्रदर्शनं भरत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अमेरिकेच्या ‘एनोला गे’ विमानाने टाकलेला बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. नेम धरला होता जवळच्या आइओइ पुलावर. तडाखा जवळजवळ सरळ डोक्यावरून आला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. आतलं माणूस एकही वाचलं नाही. बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातल्या एक किलोहूनही कमी युरेनियमचं विखंडन झालं आणि तेवढ्याने वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली.

हा आकडा मी शाळेत पाठ केला होता. तो मला कळला तो मात्र स्मृती संग्रहालयात, काचेमागच्या एका डब्यापुढे.

पत्र्याचा, वाकलेला डबा. आत कोळसा झालेलं अन्न. बार्ली आणि सोयाबीन घातलेला भात होता, बटाट्याची भाजी होती. नेणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा. हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून मोकळे पट्टे काढले जात होते आणि त्या कामावर शाळांमधली हजारो मुलं-मुली जुंपलेली होती. आईला तो सापडला, तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता.

आमच्यातली एक तीस वर्षं शाळेत शिकवते. ती तिथून हलेना. मला आठवली ती रोजची संध्याकाळ. मुलाचं दप्तर हातात आलं की आधी डबा उघडून बघायचा, संपवलाय का. या आईनेही डबा उघडला असेल. भात सगळा तसाच होता.

या संग्रहालयाचं मोठेपण इथेच आहे. वस्तूंशेजारी त्या वापरणाऱ्यांची नावं आहेत, जमेल तिथे फोटो आहेत. ढिगाऱ्यात हरवलेलं एकेक माणूस या शहराने पुन्हा नावानिशी उभं केलंय.

हिरोशिमा तेव्हा मोठं लष्करी केंद्र होतं आणि जपानने आशियात केलेले अत्याचारही विसरण्याजोगे नाहीत. मृतांमध्ये जपानच्या वसाहतीतले हजारो कोरियनही होते. त्यांचं स्मारक कित्येक वर्षं संग्रहालयाभोवतालच्या स्मृती उद्यानाबाहेर होतं. १९९९ मध्ये ते आत आलं. हे सगळं खरं धरूनही त्या डब्याचा हिशेब लागत नाही.

बाहेर शांतिज्योत तेवत होती. ती १९६४ मध्ये पेटवली; जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईल तेव्हाच ती विझवायची आहे. बॉम्बमधून वाचलेल्यांना इथे ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या अंगावरचे व्रण दाखवत, तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगत ही माणसं जगभर फिरली, ती दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून.

परतताना पुन्हा ट्राम. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी एका छोट्या टप्प्यावर ती सुरू झाली होती. समोर पेंगणाऱ्या पोराच्या मांडीवर दप्तर होतं. चौघीही त्याच्याकडेच बघत होतो.

हिरोशिमात सव्वाआठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच झालेले असतात. दर ६ ऑगस्टला मी त्या वेळी उठलेली असते. घराघरांत डब्यासाठी कणीक भिजवायची तीच वेळ.