थोरली ईवा, धाकटी एवा : जर्मन-इंग्रज घरात भावंडांची नावं ठेवताना घोळ नेमका कुठे होतो?

एक जोडपं डोळ्यासमोर आणा. आई हॅम्बुर्गची, बाबा मँचेस्टरचे. पहिली मुलगी झाली, नाव ठेवलं ईवा. स्पेलिंग ई-व्ही-ए. तीन वर्षांनी दुसरी झाली, तिचं नाव एवा. स्पेलिंग ए-व्ही-ए. कागदावर फक्त एका अक्षराचा फरक, काय गोड जोडी! फोटोखाली हार्टचा पाऊस.

मग ख्रिसमसला दोन्ही आज्या एकत्र आल्या. मँचेस्टरच्या आजीने हाक मारली, "एवा!" धाकटी पळत आली. थोड्या वेळाने हॅम्बुर्गच्या ओमाने, म्हणजे जर्मन आजीने, हाक मारली, "एवा!" परत धाकटीच आली. पण ओमाला हवी होती थोरली. कारण ई-व्ही-ए हे स्पेलिंग जर्मन माणूस 'एवा' असंच वाचतो. काही जण तर 'एफा' म्हणतात. आणि धाकटीला ओमा म्हणणार 'आवा'.

जोडपं काल्पनिक आहे, घोळ मात्र शंभर टक्के खरा आहे. दोन भाषांच्या घरात एका मुलाचं नाव ठेवणं तसं सोपं असतं. खरी परीक्षा दुसऱ्याच्या वेळी असते, कारण आता नाव दोन भाषांत चालून भागत नाही, दोन्ही भाषांत आधीच्या नावाशेजारी उभं राहावं लागतं.

आता हे होतं कशामुळे, ते बघू. मराठी वाचणाऱ्याला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. जर्मन मुलं रोमन लिपीतले स्वर शिकतात ते असे : आ, ए, ई, ओ, ऊ. आपल्या बाराखडीसारखेच. तेच स्वर इंग्रज मुलं शिकतात : ए, ई, आय, ओ, यू. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतल्या लांब स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर सरकले. स्पेलिंग मात्र बरंचसं जुनंच राहिलं. उच्चार जर्मनमध्येही बदलले, पण तिथे अक्षर आणि आवाज यांची एवढी फारकत झाली नाही.

त्यामुळे ज्या नावात स्वर लांबवून म्हणायचा असतो, ते नाव सीमा ओलांडताना बदलतं. आय-डी-ए या स्पेलिंगचं नाव इंग्लंडमध्ये आयडा, जर्मनीत ईडा. लिओचा जर्मनीत लेओ होतो. सायमनचा झीमोन होतो, हा तर ओळखूही येत नाही. पॉलचा पाउल, लॉराची लाउरा, ह्यूगोचा हूगो.

उलट, ऱ्हस्व स्वर फारसे हलले नाहीत. म्हणून एमा, बेन, मॅक्स, टिम, फिन ही नावं दोन्हीकडे जवळपास तशीच ऐकू येतात. मॅक्स जर्मनीत 'माक्स' होतो, पण तेवढं चालतं, मुलगा वळून बघतो. मिया आणि नीना यांचं वेगळं आहे. त्यांच्यातला 'ई' इंग्रजीनेही बाहेरच्या भाषांसारखाच ठेवलाय, म्हणून त्यासुद्धा सुरक्षित. मला विचाराल तर या सगळ्यांत नोरा हे नाव सगळ्यात बिनतक्रार आहे. दोन्हीकडे एकच स्पेलिंग आणि 'र' सोडला तर जवळपास एकच उच्चार. जर्मन 'र' घशातून येतो, त्याला इलाज नाही.

व्यंजनांचा घोळ थोडक्यात उरकते. 'जे' या अक्षराचा जर्मनमध्ये 'य' होतो, म्हणून जूलियाची यूलिया आणि जोनसचा योनास. शब्दाच्या सुरुवातीला 'एस'नंतर स्वर आला की 'झ'. 'टीएच'चा साधा 'ट', म्हणून थिओचा टेओ. शेवटचा 'ड' किंवा 'ब' कडक होतो, म्हणून डेव्हिडचा डाविट आणि जेकबचा याकोप. 'व्ही' बऱ्याचदा 'फ' होतो, पण नेहमी नाही : फोल्करमध्ये होतो, व्हॅलेंटिनमध्ये होत नाही. पुण्यात जर्मनच्या वर्गात मी या 'व्ही'ने इतका मार खाल्लाय की आजही तो दिसला की आधी थांबते. शेवटचा 'ई' जर्मन माणूस गिळत नाही. इंग्रजांची शार्लट जर्मनीत शार्लोटे असते.

शार्लट दोन्ही देशांत आवडतं नाव आहे, मग अडचण काय? एकट्या मुलीला काहीच नाही. तिची दोन रूपं घरात सगळ्यांना सवयीची होतात. पण तिच्या पाठीवर मॅक्स आला की चित्र बदलतं. एका भावंडाचं नाव दोन्हीकडे जसंच्या तसं आणि दुसऱ्याचं दर सुट्टीत बदलणारं. त्यात शार्लटच्या जागी ब्यर्न किंवा युर्गन असता तर? ही जर्मनीत अगदी साधी नावं आहेत, पण त्यात दोन टिंबांचे स्वर येतात. इंग्रजी फॉर्मवर ती टिंबं कधी गळतात, कधी त्यांच्या जागी जादा 'ई' येतो. एक भाऊ नाव सांगून मोकळा होतो, दुसरा आयुष्यभर समजावत बसतो. भावंडांमध्ये खेळण्यांवरून भांडणं होतात, ती मिटतात. हे भांडण आईबापांनी बारशालाच लावून दिलेलं असतं.

म्हणून दोन्ही नावांची अडचण साधारण सारखी असावी, हा नियम मला 'दोन्ही नावं परफेक्ट असावीत' यापेक्षा जास्त पटतो. लिओ आणि आयडा घ्या. दोन्ही बदलतात, लेओ आणि ईडा होतात, पण दोन्ही भाषांत नावं सुटसुटीत राहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. याउलट लिओ आणि थिओ. इंग्लंडमध्ये यमक, जर्मनीत लेओ-टेओ, तिथेही यमक. पार्कमध्ये हाक मारली की दोघंही येणार किंवा दोघंही न येणार. स्पेलिंगचंही तसंच. क्लारा, ऑस्कर, लुकास यांत जर्मन लोकांना बऱ्याचदा 'के' आवडतो, इंग्रजांना 'सी'. एकाला 'के' दिला तर दुसऱ्यालाही द्यावा, नाहीतर शाळेचे फॉर्म भरताना तुमचाच गोंधळ होईल.

अर्थाचे सापळेही आहेत. यान हे जर्मन मुलाचं नेहमीचं नाव. त्याचं स्पेलिंग जे-ए-एन. इंग्रज ते 'जॅन' असं वाचणार आणि ती बाई आहे असं समजणार. दुसरं उदाहरण संगीतातल्या प्रसिद्ध भावंडांचं. हॅम्बुर्गला जन्मलेले फॅनी आणि फेलिक्स मेंडेल्सझोन, बहीण 1805 ची, भाऊ 1809 चा, दोघंही संगीतकार. फेलिक्स आजही दोन्ही देशांत धावतं. फॅनी मात्र ब्रिटनमध्ये आज कुणी ठेवणार नाही, कारण तिथल्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा राहिलेला नाही.

इथपर्यंत सगळं कानाचं आणि कागदाचं झालं. पण नाव दोन्हीकडे नीट उच्चारलं जातं, स्पेलिंग एकच आहे, अर्थही वाईट नाही, तरीही फसतं, असं होऊ शकतं का? होतं. त्या नावाचं नाव आहे केविन.

केविन मूळचं आयरिश. 'होम अलोन' हा सिनेमा 1991 च्या सुरुवातीला जर्मनीत लागला, तिथे त्याच्या शीर्षकातच केविन होता. त्याच वर्षी केविन हे जर्मनीत मुलांसाठी सगळ्यात लोकप्रिय नाव ठरलं. मग हवा फिरली. इंग्रजी-अमेरिकी वळणाची नावं ठेवणारे म्हणजे कमी शिकलेले, गरीब घरातले, असा समज पसरला. त्याला 'केविनिस्मुस' असा शब्दच निघाला. 2009 मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका पाहणीत प्राथमिक शिक्षकांना नावांबद्दल विचारलं गेलं. शार्लोटे, मारी, अलेक्झांडर, याकोप ही मुलं त्यांना हुशार वाटली. केविन, चंटाल, मँडी, जस्टिन ही खोडकर आणि अभ्यासात कच्ची. एका शिक्षकाने तर केविन हे नाव नसून निदान आहे, असं लिहून टाकलं. मूल वर्गात पाऊल ठेवायच्या आधीच!

आता मँचेस्टरच्या बाबांचा विचार करा. त्यांच्यासाठी केविन म्हणजे आवडता काका असू शकतो. त्यांनी हौसेने मुलाचं नाव केविन आणि मुलीचं शार्लट ठेवलं, तर जर्मन शाळेत एकाच घरातली ही दोन मुलं दोन वेगळ्या रांगांत उभी केली जाण्याची भीती आहे. डिक्शनरी बघून हे कळत नाही. त्या देशात वाढलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

जर्मन-इंग्रज घरांना या सगळ्याचा अनुभव नवा नाही. एक कुटुंब तर आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग हे जर्मन राजघराण्यातले. 14 व्या वर्षी ब्रिटिश नौदलात गेले आणि थेट नौदलप्रमुख झाले. त्यांच्या चार मुलांची नावं : अ‍ॅलिस, लुईझ, जॉर्ज, लुई. चारही दोन्ही देशांत खपणारी. पण 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन मुळांवरून उठलेल्या गदारोळात वडिलांना पद सोडावं लागलं. 1917 मध्ये आडनावही बदललं. 'बेर्ग' म्हणजे डोंगर, त्याचं इंग्रजी केलं 'माउंट', आणि बॅटनबर्गचं झालं माउंटबॅटन. धाकटा लुई म्हणजे आपल्याकडचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. मुलांच्या नावांना हात लावावा लागला नाही, आडनाव गेलं.

याच लुईला घरात आधी 'निकी' म्हणायचे. पण नात्यात रशियाचा झारही निकीच होता. गोंधळ नको म्हणून त्याचा 'डिकी' केला. जर्मनमध्ये 'डिक' म्हणजे जाडा, पण तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नसावं.

कायद्याचं काय? इंग्लंडमध्ये नोंदणी बरीच सैल आहे. जर्मनीत नाव 'श्टांडेसआम्ट' म्हणजे नोंदणी कार्यालयात जातं आणि तिथला अधिकारी ते नाकारू शकतो. शंका असेल तर लाइपझिग विद्यापीठाचं नामसल्ला केंद्र किंवा वीसबाडेनची जर्मन भाषा संस्था यांच्याकडून अभिप्राय घेता येतो. पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा आग्रह असायचा. तो मोडला एका भारतीय नावामुळे. भारताशी नातं असलेल्या एका कुटुंबाला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं. कार्यालय म्हणालं, हे मुलग्याचंही असतं, सोबत दुसरं स्पष्ट नाव जोडा. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. 5 डिसेंबर 2008 ला न्यायालयाने सांगितलं की असा नियम कायद्यात नाहीच, मुलाच्या हिताला धोका असेल तरच नाव अडवता येईल. किरण किरणच राहिली.

आज म्युनिक-बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना तर तीन भाषा सांभाळायच्या असतात. तेजसचा टेयास होतो, अनुजाची अनुया. सईचं स्पेलिंग एस-ए-आय केलं की जर्मन माणूस 'झाय' वाचतो. अथर्वचा 'थ' दोन्हीकडे अडतो : इंग्रज जीभ दातांत धरतो, जर्मन सरळ 'ट' म्हणतो. माया, मीरा, नील ही नावं बरीच तरतात. त्यातही माया एम-ए-वाय-ए असं लिहिलेलं बरं. 'वाय'ऐवजी 'जे' लिहिलं तर जर्मनीत तीच माया, पण इंग्रज तिला 'माजा' करून टाकणार.

नाव ठरवण्याआधी एक सोपी गोष्ट करता येते. दोन्ही नावं कागदावर लिहा, उच्चार सांगू नका. एका जर्मन आणि एका इंग्रज ओळखीच्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या आणि रेकॉर्ड करा. मग डोळे मिटून ऐका आणि कोणती हाक कुणाला मारली ते ओळखा. हॅम्बुर्ग-मँचेस्टरच्या त्या घराने हे केलं असतं, तर ई-व्ही-ए च्या पाठीवर बहुतेक नोरा आली असती.