रुसव्याच्या पलीकडचं

प्रेमातल्या भांडणांसाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. रुसवा, फुगवा, अबोला, लटका राग. समोरचा माणूस समजूत काढायला येणारच, हा भरवसा या प्रत्येक शब्दाच्या पोटात असतो. परक्यावर कुणी रुसत नाही. 'आफ्टर वी कोलायडेड' हा 2020चा अमेरिकी चित्रपट बघताना टेसा आणि हार्डिनच्या भांडणांना यातला एकही शब्द लागू पडेना, आणि मी तिथेच अडकले.

'आफ्टर' (2019) या चित्रपटाचा हा दुसरा भाग. पहिल्या भागात आईच्या करड्या शिस्तीत वाढलेली टेसा यंग कॉलेजात येते आणि अंगावर गोंदणं मिरवणाऱ्या, तुसड्या हार्डिन स्कॉटच्या प्रेमात पडते. त्याच्या मित्रमंडळींच्या एका खेळात हिला प्रेमात पाडून दाखवायचं ठरलं होतं, हे तिला शेवटी कळतं. दुसऱ्या भागात ती एका प्रकाशनसंस्थेत इंटर्न म्हणून रुजू होते. तिथे तिला हिशेब खात्यातला ट्रेव्हर भेटतो. सरळ, सभ्य, दिलेली वेळ पाळणारा. टेसा मात्र पुन्हा हार्डिनकडेच जाते. मग तुटतं, जुळतं, पुन्हा तुटतं.

प्रेमकथेचा दुसरा भाग काढणं मुळातच अवघड. दोघं एकत्र येणार का, या एका प्रश्नावर पहिली गोष्ट चालते. ती दोघं एकत्र आली की पुढे काय सांगायचं? आपल्याकडे उत्तर बहुधा बाहेर शोधलं जातं. 'टाइमपास' या मराठी चित्रपटात दगडू आणि प्राजक्ताच्या आड तिचे वडील उभे होते. 2015 साली आलेल्या दुसऱ्या भागात ती दोघं वयाने वाढली, नट बदलले, पण प्रेमाच्या आड येणारी भिंत घराचीच राहिली. टेसा आणि हार्डिनला मात्र अडवणारं कुणी नाही. भिंत हार्डिनच्या आत आहे, म्हणून दर वीस मिनिटांनी ती नव्याने उभी करता येते.

या सततच्या तुटण्या-जुळण्याचं मूळ पटकथेपेक्षाही जुनं आहे. ॲना टॉडने ही गोष्ट 2013 मध्ये वॉटपॅड या ऑनलाइन लेखनमंचावर लिहायला घेतली, तीही बरीचशी स्वतःच्या फोनवर. तेव्हा तिचा नायक होता 'वन डिरेक्शन' बँडमधला हॅरी स्टाइल्स. प्रकरण टाकलं की जगभरातल्या मुली ते वाचायच्या, खाली प्रतिक्रिया लिहायच्या आणि पुढच्या प्रकरणासाठी हटून बसायच्या. 2014 मध्ये छापील पुस्तक आलं तेव्हा हॅरीचा हार्डिन झाला. दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेतही तिचा सहभाग आहे.

'क्रमशः' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी वाचकांच्या हाती त्यातूनच हप्त्याहप्त्याने पडली. पण पुढच्या हप्त्यात नायिका यमूचं आयुष्य पुढे सरकत असे. एकदा गेलेलं परत येत नसे. टेसाच्या गोष्टीत प्रकरण संपताना काहीतरी तुटायला हवं आणि पुढच्या प्रकरणात ते सांधायला हवं. फोनवर, दिवसाआड, थोडं थोडं वाचताना ही लय धरून ठेवते. पावणेदोन तासांच्या चित्रपटात तीच लय सलग आदळते, आणि या दोघांची माफी किती स्वस्त झाली आहे ते डोळ्यांत भरतं.

दिग्दर्शनासाठी रॉजर कंबलला आणलं, ही निवड विचारपूर्वक होती. त्याचा 1999चा 'क्रुएल इंटेन्शन्स' हासुद्धा पैजेपायी एका मुलीला प्रेमात ओढणाऱ्या तरुणाचा चित्रपट. पहिला 'आफ्टर' अमेरिकेत तेरा वर्षांपुढच्या मुलांना चालेल असा होता. दुसऱ्याला सतराखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस असण्याची अट लागली. जोसेफीन लँगफर्ड आणि हिरो फाइन्स टिफिन यांना एकमेकांसमोर नुसतं उभं केलं तरी पडदा तापतो. तिचा चेहरा तर फार बोलका आहे. आपण हरणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखी ती हार्डिनकडे बघते.

हार्डिनला रात्री भयंकर स्वप्नं पडतात. लहानपणी दारुड्या बापाला शोधत आलेल्या माणसांनी त्याच्या डोळ्यांदेखत आईवर अत्याचार केला होता. टेसा शेजारी असली की त्याला शांत झोप लागते. हे दृश्य हळवं आहे आणि लाखो मुलींना ते भिडलं, याचं मला नवल वाटत नाही. कुणाची तरी झोप आपल्यामुळे लागते, यापेक्षा मोठं महत्त्व अठराव्या वर्षी काय हवं? पण मला राग येतो तो इथेच. त्याच्या दुखण्याचं औषध म्हणून चित्रपट टेसाला त्याच्या उशाशी ठेवतो आणि तिला स्वतःला झोप लागते का, हे विचारत नाही. तो मत्सराने पेटतो, तिला टाकून बोलतो, मग मोडून पडतो. दर वेळी त्याचं बालपण पुढे येतं आणि तिचा राग मागे सरतो. रुसव्यात रुसलेल्याची बाजू वरचढ असते, समजूत काढणारा नमतं घेतो. इथे दुखावली जाते टेसा, आणि समजूतही तिनेच काढायची.

ट्रेव्हरच्या बाबतीतही चित्रपट अन्यायच करतो. डिलन स्प्राउसने तो समंजसपणे उभा केला आहे, तरी पटकथेच्या लेखी तो अळणी. त्याच्याशी भांडण होत नाही, म्हणजे तिथे प्रेमही नसणार, हा हिशेब सोळाव्या वर्षी फार लवकर पटतो. मुलींनी हा चित्रपट बघू नये, असं मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर बसून बघावा, आणि ट्रेव्हर पडद्यावर आला की त्याच्याबद्दल माझ्याशी वाद घालावा.

अगदी शेवटी, पुन्हा जुळल्यावर, टेसा आणि हार्डिन रस्त्याने चाललेले असतात. वाटेत एक बेघर माणूस समोर येतो. हार्डिनच्या लेखी तो कुणी उपटसुंभ. टेसा थबकते, नीट बघते. तो तिचा बाप असतो, खूप वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. निघून गेलेलं माणूस कधीतरी परत येईल, ही वाट ती हार्डिन भेटण्याच्या कितीतरी आधीपासून बघत आली आहे. लँगफर्ड तिथे एका शब्दापलीकडे काही बोलत नाही, आणि पडदा काळा होतो.