परराज्यात अपघात झाल्यास भरपाईचा दावा कोठे करावा?

खानापूर तालुक्यातील अनेक गवंडी व मजूर घाट उतरून गोव्यात कामास येतात. समजा, त्यांपैकी एक गवंडी मडगाव येथे परांचीवरून पडून दगावला. बांधकाम कंपनीची नोंदणीकृत कचेरी मुंबईस आणि पत्नी व मुले गावी. अशा वेळी त्या विधवेने कोणत्या राज्यात दाद मागावी?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार पूर्वी असा दावा अपघात जेथे घडला त्या क्षेत्राच्या आयुक्तांपुढेच करावा लागे. प्रत्येक तारखेस परमुलखी जाणे, वाटखर्च सोसणे व मजुरी बुडविणे हे निराधार कुटुंबास परवडणारे नव्हते. ही अडचण ओळखून 1995 साली कायद्यात सुधारणा झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच सोय कायम ठेवली आहे.

त्यानुसार दाव्यासाठी तीन ठिकाणे खुली आहेत : अपघाताचे स्थळ, कामगार किंवा त्याचे वारस सामान्यतः राहतात ते ठिकाण, आणि मालकाच्या नोंदणीकृत कचेरीचे ठिकाण. म्हणजेच वरील उदाहरणातील विधवेस मडगाव वा मुंबई गाठण्याचे कारण नाही. तिच्या गावावर अधिकारक्षेत्र असलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येईल. अपघातस्थळाच्या प्राधिकाऱ्यास व संबंधित राज्य शासनास सूचना देण्याचे काम अर्ज स्वीकारणाऱ्या प्राधिकाऱ्याचे आहे, अर्जदाराचे नव्हे.

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अपघात वा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. विलंब झाल्यास त्याचे सबळ कारण द्यावे लागते. कामगार कंत्राटदाराचा होता एवढ्यावरून मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. कामगार राज्य विमा योजनेखाली असलेल्यांना मात्र लाभ विमा महामंडळाकडून मिळतात.

पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मजुरीच्या चिठ्ठ्या व सोबत्यांची नावे-पत्ते वेळीच जमवावेत. वास्तव्य दाखविण्यास शिधापत्रिका उपयोगी पडते.

गावोगावचे शिक्षक व ग्रामसेवक यांनी ही माहिती अशा कुटुंबांपर्यंत पोहोचवावी. हक्क दाराशी आला असता, तो ठाऊक नाही म्हणून दोन वर्षांची मुदत निघून जाऊ नये.