लीड गिटारचा वेग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरगाणा तालुक्यातल्या मुलांच्या कानावर ताल लहानपणापासून पडतो. बोहाड्याची सोंगं संबळाच्या ठेक्यावर नाचतात, पावरी वाजू लागली की तिच्याभोवती फेर धरला जातो. त्यामुळे इथल्या कुणी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, तर लयीची शिदोरी आधीच जवळ असते. अडतं ते वेगवान लीड वाजवताना. जवळपास शिकवणारं कुणी नसलं की मोबाईलवरचे व्हिडिओच गुरू होतात आणि चांगल्या सल्ल्यांसोबत गैरसमजही पदरात पडतात. त्यातले पाच इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : वेगासाठी लांब आणि उपजत चपळ बोटं लागतात.

वस्तुस्थिती : १९२८ साली लागलेल्या आगीत जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. तरीही मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर त्याने जॅझमधले द्रुत सोलो वाजवले. ‘ब्लॅक सॅबथ’ बँडच्या टोनी आयोमीने सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. बोटाच्या लांबीपेक्षा ते तारेपासून किती वर उठतं हे जास्त महत्त्वाचं. दर सुराला बोट एक इंच उचललं, तर तेवढंच अंतर परत यावं लागतं.

गैरसमज २ : मेट्रोनोम रोज थोडा थोडा वाढवला की वेग आपोआप येतो.

वस्तुस्थिती : हे अर्धंच खरं आहे. हळू वाजवल्याने सूर, बोटांचा क्रम आणि लय पक्की होते. पण संथ लयीत हाताची वायफळ, मोठी हालचालही खपून जाते. वेग वाढला की तीच आडवी येते आणि महिनोन् महिने गाडी एकाच आकड्यावर अडून बसते.

आधी हिशेब समजून घ्या. मिनिटाला ६० ठोके ठेवून चौगुन वाजवली तर सेकंदाला ४ सूर होतात. १२० ठोक्यांना ८. तुमचं लक्ष्य १२० असेल, तर ४ ते ६ सुरांचा छोटा तुकडा घेऊन तो थेट त्याच वेगात वाजवा. थांबा, हात सैल सोडा, पुन्हा वाजवा. वेगात हात कसा हलतो हे असं वाजवूनच कळतं. मग पुन्हा हळू लयीत येऊन तीच छोटी हालचाल स्वच्छ करा आणि तुकडे एकमेकांना जोडत जा.

बहुतेकांचा हात तार बदलताना अडखळतो. पिक आलटून पालटून खाली-वर चालते. ती किंचित तिरकी धरली, तर एका दिशेच्या आघातानंतर ती तारांच्या बाहेर सुटते आणि दुसऱ्या दिशेच्या आघातानंतर दोन तारांमध्ये अडकते. वरच्या आघाताला तुमची पिक सुटत असेल, तर सुरुवात खालच्या आघाताने करा आणि प्रत्येक तारेवर २, ४ किंवा ६ आघात ठेवा; तार बदलताना पिक दरवेळी मोकळी असेल. एका तारेवर तीन सूर असतील, तर त्यातला एक हॅमर-ऑनने, म्हणजे पिक न लावता नुसतं बोट आपटून काढा. १९८४ साली ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम काढणाऱ्या यंग्वी माल्मस्टीनच्या वादनात अशी मांडणी ठळक दिसते.

गैरसमज ३ : जोर लावला की वेग वाढतो, आणि हात दुखला म्हणजे रियाज झाला.

वस्तुस्थिती : ताठ मनगट आणि आवळलेला खांदा वेग मारतात. बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवा आणि दाब कमी करत जा. तार खरखरू लागली की किंचित दाब वाढवा, तेवढाच पुरतो. नवशिक्याच्या बोटांची टोकं हुळहुळी होणं स्वाभाविक आहे. मनगट किंवा कोपर दुखणं, मुंग्या येणं, बोट बधिर होणं ही मात्र थांबण्याची खूण आहे. विश्रांती घेऊनही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज ४ : महागडी गिटार आणि भरपूर डिस्टॉर्शन असेल तरच जमतं.

वस्तुस्थिती : साध्या गिटारचंही सेटिंग नीट हवं. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर बोटं उगाच दमतात. पहिली तार ०.००९ इंचाची असा हलका संच सुरुवातीला सोपा जातो. सुरगाण्याच्या पावसाळी दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि बोट खरखरीत तारेवर घसरत नाही. म्हणून वाजवून झाल्यावर त्या कोरड्या कापडाने पुसा.

डिस्टॉर्शनमध्ये लहान-मोठे आघात सारखेच ऐकू येतात, म्हणून कच्ची पिकिंग लपते. उलट न दाबलेल्या तारांचा गोंगाट त्यात वाढतो. त्यामुळे आघात तपासायला साधा आवाज आणि इतर तारा हाताने गप्प ठेवायला शिकायचं तर डिस्टॉर्शन, असे दोन्ही वापरा. वीज गेली तरी अँपशिवाय बोटांचा सराव चालू ठेवता येतो.

गैरसमज ५ : वेगात वाजवणं म्हणजेच चांगलं लीड.

वस्तुस्थिती : बी. बी. किंग मोजक्या सुरांत श्रोत्याला धरून ठेवत असे. ‘शक्ती’ या बँडमध्ये तबल्यावरच्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्यासोबत विजेच्या वेगाने गिटार वाजवणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिनचा प्रत्येक सूर तालाशी बांधलेला असे. पावरीवालाही नाचणाऱ्यांची पावलं सोडून एकटा पुढे पळत नाही. लय सुटली की वेगाला काही अर्थ उरत नाही.

रोज अर्धा तास मिळत असेल तर ५ मिनिटं हात सैल करा, १० मिनिटं हळू आणि स्वच्छ वाजवा, १० मिनिटं छोटे तुकडे पूर्ण वेगात घ्या आणि शेवटची ५ मिनिटं एखाद्या गाण्यावर वाजवा. आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्डिंग करून शांतपणे ऐका. कुठला सूर दबला, कुठे ठोका चुकला हे त्यात स्पष्ट कळेल. पुढच्या आठवड्याचा सराव तिथूनच सुरू करा.